उशाशी ठेवलेली नीती

ईश्वर मानावयाचा नाही, चर्चची पायरी चढावयाची नाही, बाप्तिस्मा, चमत्कार, पुनरुत्थान यांपैकी कशावरही विश्वास ठेवावयाचा नाही. आणि तरीही येशू ख्रिस्ताच्या नीतिवचनांत आपणास आपल्या जीवनाचा अर्थ सापडला आहे असे सांगावयाचे, ही भूमिका पश्चिमेकडील सुशिक्षितांत नवी नाही. ईश्वरकल्पनेवर जन्मभर आघात करीत आलेले इंग्लंडमधील जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनीसुद्धा २०२४ च्या ईस्टरच्या सुमारास नभोवाणीवरील एका मुलाखतीत आपण संस्कृतीने ख्रिस्ती आहोत असे सांगितले. तो त्यांचा प्रश्न आहे. परंतु हेच मत आता आमच्याही उंबरठ्याशी येऊन उभे राहिले आहे. आमच्या वस्त्यांतून शिकून बाहेर पडलेला तरुण आईबापांस विचारतो, "दीक्षा कशाला? विहार कशाला? येशूचे क्षमेचे वचन मला आवडते, ते मी घेतो. बुद्धाचे एखादे आवडले तर तेही घेईन. त्यातून माझ्या मनास समाधान मिळते. तो माझा खासगी मामला आहे." आईबाप निरुत्तर होतात. धम्म स्वीकारून ज्यांना थोडीच वर्षे झाली आहेत, अशा घरांत तर या प्रश्नाने कधी कधी अबोला धरला जातो. त्या घरांसाठी हा लेख आहे.

आमचे म्हणणे आरंभीच उघड करून टाकतो. जो ईश्वर मानीत नाही त्याच्याशी आमचे भांडण नाही. तथागताच्या धम्मात सृष्टिकर्त्या ईश्वरास स्थान नाही, हे बौद्ध घरातील शाळकरी मूलही सांगेल. येशूच्या शिकवणुकीत जे उदात्त आहे ते कोणी घेतले, तर त्याबद्दलही आमची तक्रार नाही. चांगल्या वचनावर कोणाची मालकी नसते. मनुष्य दुःखात असता, एकटा पडला असता, क्षमेचे आणि करुणेचे शब्द त्यास धीर देतात. तो धीर हिरावून घेणारे आम्ही कोण? आमची तक्रार फक्त एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द म्हणजे 'माझ्यापुरते'. समाधान माझ्यापुरते असू शकते. नीती माझ्यापुरती असू शकते काय?

या प्रश्नाचे उत्तर शुष्क तर्काने देण्यापेक्षा एका मनुष्याचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवणे अधिक उपयोगाचे होईल. हा मनुष्य सामान्य नव्हता. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, हे तत्त्व ज्या जाहीरनाम्याने १७७६ साली जगापुढे मांडले, तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा थॉमस जेफर्सन. पुढे १८०१ पासून १८०९ पर्यंत तो त्या देशाचा अध्यक्ष होता. कोणत्याही चर्चचा सिद्धान्त त्याला मान्य नव्हता. सृष्टीस कोणी कर्ता असावा एवढे तो मानी; परंतु त्रैक्य, येशूचे देवत्व, चमत्कार हे सारे त्याच्या बुद्धीने नाकारले होते. १८०० च्या निवडणुकीत त्याच्या विरोधकांनी आणि पाद्र्यांनी त्यास नास्तिक म्हणून झोडपून काढले. १८१९ साली एका पत्रात त्याने असे लिहिले की, आपल्या माहितीप्रमाणे आपल्या पंथात आपण एकटेच आहोत. एकट्याचा पंथ! आजचा 'माझ्यापुरते' म्हणणारा तरुण ज्या शाळेत शिकला आहे, तिचा हा सर्वांत थोर विद्यार्थी होय.

आता त्याने काय केले ते पाहा. येशू हा मनुष्य होता, मोठा नीतिवेत्ता होता, आणि त्याच्या शिष्यांनी व नंतरच्या पुरोहितांनी त्याच्या शिकवणुकीवर दंतकथांचा ढीग रचला, असे जेफर्सनचे मत होते. ढीग उपसावयाचा म्हणून अध्यक्षपदावर असतानाच, १८०४ साली, त्याने नव्या करारातील येशूची वचने कापून काढून एक संकलन केले. ते आज उपलब्ध नाही. पुढे १८१९-२० च्या सुमारास, पंचाहत्तरी उलटल्यावर, व्हर्जिनिया प्रांतातील मॉन्टिसेलो या आपल्या टेकडीवरच्या घरी बसून त्याने तेच काम अधिक बारकाईने केले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी या चार भाषांतील शुभवर्तमानांच्या छापील प्रती घेतल्या. धारदार पात्याने हवी ती वचने कापली. चारही भाषांतील मजकूर शेजारी शेजारी चिकटवला आणि ८४ पानांचे एक पुस्तक तांबड्या चामड्यात बांधून घेतले. कुमारीच्या पोटी जन्म नाही, पाण्याचा द्राक्षारस नाही, मेलेल्यास उठविणे नाही. येशूस कबरीत ठेवून तोंडाशी मोठा धोंडा लोटला, येथेच ते पुस्तक संपते. डोंगरावरील प्रवचन मात्र त्यात आहे. वाटेवर जखमी पडलेल्या अनोळख्या मनुष्यास उचलून नेणाऱ्या शोमरोनी प्रवाशाची गोष्ट आहे. लोकांनी तुमच्याशी जसे वागावे असे तुम्हास वाटते तसे तुम्ही त्यांच्याशी वागा, हा उपदेशही आहे.

बुद्धीचे हे काम आम्हास तुच्छ वाटत नाही. सत्तेच्या शिखरावर बसलेला मनुष्य पोथीस शरण न जाता हातात पाते घेऊन बसतो, हे धैर्य लहान नव्हे. आणि त्याने येशूत नेमके काय वाखाणले? १८०३ साली एका वैद्यमित्रास त्याने येशूच्या शिकवणुकीचा एक गोषवारा लिहून पाठविला होता. त्यात त्याने म्हटले आहे की, जुने तत्त्वज्ञ आपल्या मनाच्या शांतीविषयी बोलले. परंतु येशूने प्रेमाची मर्यादा आप्त, मित्र, शेजारी आणि देशबांधव यांच्याही पलीकडे नेऊन अखिल मानवजातीपर्यंत वाढविली. म्हणजे मनःशांतीच्या नीतीहून सर्व माणसांविषयीच्या प्रेमाची नीती श्रेष्ठ आहे, हे त्यास पुरते कळले होते. न कळल्याची सबब त्याच्यापाशी नाही.

झोपण्यापूर्वी अर्धा तास, तासभर काहीतरी नीतिपर वाचल्याखेरीज आपण निजत नाही, असे त्याने १८१९ साली लिहून ठेवले आहे. अशा मनुष्याने स्वतःच्या हातांनी तयार केलेले हे नीतीचे पुस्तक त्याने छापले नाही, कोणास वाटले नाही. घरच्या माणसांसही त्याचा पत्ता त्याच्या मरणानंतर लागला. उशाशी ठेवावयाची ती नीती होती.

आणि उशापासून चार पावलांवर काय होते? मॉन्टिसेलोच्या टेकडीवर गुलाम राबत होते. जेफर्सनच्या आयुष्यात सहाशेहून अधिक माणसे त्याच्या मालकीची होती. मालकीची, गुरे असावीत तशी. दिवा लावणारा गुलाम, सरपण आणणारा गुलाम, बिछाना घालणारा गुलाम. त्या दिव्याच्या उजेडात मालक शेजाऱ्यावर प्रेम करण्याविषयीचे वचन चार भाषांत वाचीत होता. या सहाशेंपैकी त्याने हयातीत दोघांस मुक्त केले आणि मृत्युपत्राने पाचांस. त्या पाचांतील दोघे तर सॅली हेमिंग्ज या दासीच्या पोटची त्याचीच मुले होती, असे बहुतेक इतिहासकार आज मानतात.

१८२६ च्या ४ जुलैस जेफर्सन वारला. मागे एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. १८२७ च्या जानेवारीत, थंडीत, त्या टेकडीवर लिलाव मांडण्यात आला. नांगर, गुरे, घरातील सामान आणि १३० माणसे. मृत्युपत्राने ज्या पाचांस मुक्ती मिळावयाची होती त्यांत जोसेफ फॉसेट नावाचा लोहार होता. त्याची मुक्ती मालकाच्या मृत्यूनंतर एक वर्षाने अमलात येणार होती. तो मुक्त होणार. त्याच्या बायकोचे आणि मुलांचे नाव मात्र मृत्युपत्रात नव्हते. ती लिलावात निघाली आणि वेगवेगळ्या मालकांकडे विखुरली. त्याची बायको ईडिथ हिने अध्यक्षांच्या निवासस्थानी फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली स्वयंपाक शिकून पुढे वर्षानुवर्षे जेफर्सनच्या पाहुण्यांस जेवू घातले होते. आमच्याकडे अस्पृश्याच्या हातचे पाणी चालत नसे. तिकडे दासीच्या हातचे अन्न गोड लागे, आणि तीच दासी मालक मेल्यावर चौथऱ्यावर उभी राही. कोणता अपमान मोठा, हे तोलून सांगणारा तराजू आम्हापाशी नाही.

येथे जेफर्सनचे कैवारी पुढे येतात. ते म्हणतात, काळच तसा होता. त्या काळच्या माणसास आजच्या मापाने मोजू नका. ठीक आहे. त्या काळच्याच मापाने मोजू. त्याच व्हर्जिनियात रॉबर्ट कार्टर नावाचा एक मोठा जमीनदार होता. १७८२ च्या कायद्याने मालकास आपले गुलाम मुक्त करण्याची मोकळीक दिली होती. तिचा उपयोग करून कार्टरने १७९१ साली एक दस्तऐवज केला आणि साडेचारशेहून अधिक गुलामांस टप्प्याटप्प्याने मोकळे करण्याचे ठरविले. तोच प्रांत, तोच वर्ग, तोच काळ.

कैवारी म्हणतात, कर्जापुढे तो लाचार होता. मुक्त करावयाचे तर पैसा कोठून आणणार? पैसाही चालून आला होता! थॅडियस कोश्चुश्को हा पोलंड देशाचा स्वातंत्र्यवीर अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता. १७९८ साली त्याने मृत्युपत्र केले की, अमेरिकेतील आपली मिळकत जेफर्सनने गुलामांस, त्याच्या स्वतःच्या गुलामांससुद्धा, विकत घेऊन मुक्त करण्यात आणि त्यांस शिक्षण देण्यात खर्चावी. १८१७ साली कोश्चुश्को वारला. त्याची आणखीही मृत्युपत्रे निघाली, प्रकरण गुंतागुंतीचे झाले, हे खरे आहे आणि ते नमूद केले पाहिजे. परंतु जेफर्सनने ती जबाबदारी अंगावर घेऊन एकदा झगडून तरी पाहिले काय? १८१९ साली आपले वय झाले असे सांगून त्याने ते काम नाकारले. आणि त्याच सुमारास, त्याच वयात, शुभवर्तमानाच्या चार भाषांतील प्रती कापून चिकटविण्याइतके बळ त्याच्या बोटांत होते. पुढे १८५२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती मिळकत युरोपातील वारसांकडे गेली. तिच्यातला एक डॉलरही कोणा गुलामाच्या मुक्तीस लागला नाही.

पुस्तक बांधले गेले त्याच १८२० साली जेफर्सनने एका पत्रात गुलामगिरीविषयी लिहिले की, आपण लांडग्याचे कान धरून बसलो आहोत. धरून ठेवता येत नाही आणि सोडून देण्यातही धोका आहे. तराजूच्या एका पारड्यात न्याय आहे आणि दुसऱ्यात स्वतःचे रक्षण. उपमा मोठी चपखल आहे, असे साहित्यिक म्हणतात. आम्ही विचारतो, या उपमेत लांडगा कोण? ज्यांची मुले चौथऱ्यावर विकली जातात ते? की विकणारे? शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या मनुष्यास उचलताना तराजू काढला नव्हता. ती गोष्ट तर या पुस्तकातच चिकटवलेली होती.

कोणी म्हणेल, यात येशूच्या शिकवणुकीचा काय दोष? काहीच नाही. वचन खोटे ठरत नाही. वचन 'माझ्यापुरते' ठेवण्याची रीत खोटी ठरते. जेफर्सनने शास्त्रातून चमत्कार कापले, देवत्व कापले. एकच गोष्ट त्याच्या पात्याखाली आली नाही, आणि ती म्हणजे त्याची स्वतःची मालकी.

तेव्हा शास्त्र कापणे यातच काही पुण्य आहे असे समजू नये. कापणारे दुसरेही होते. १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापण्यात आले; वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांच्या उपयोगासाठी निवडक भाग, असे त्याच्या नावातच सांगितले आहे. गुलामांस ख्रिस्ती करू पाहणाऱ्या पाद्र्यांच्या संस्थेसाठी ते निघाले. मिसर देशातील दास्यातून इस्राएल लोकांची सुटका झाली ती सारी हकीकत त्यातून गाळली आहे. दास आणि स्वतंत्र असा भेद ख्रिस्तापाशी नाही, हे गलतीकरांस लिहिलेले पौलाचे वचन गाळले आहे. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे मात्र शाबूत ठेवले आहे. बुद्धिवाद्याने चमत्कार गाळले, पाद्र्यांनी मुक्ती गाळली. आणि दोन्हीकडे मळ्यावरचा गुलाम होता तेथेच राहिला. ग्रंथ निवडून वाचण्याचा हक्क सर्वांस आहे. किंबहुना निवडल्याशिवाय कोणीच वाचीत नाही. निवडणाऱ्यास एवढेच विचारावे की, जे ठेवले त्याने कोणाची बेडी तुटली, आणि जे टाकले त्याने कोणाची घट्ट झाली?

लिलावात विकल्या गेलेल्या फॉसेटच्या मुलांत पीटर नावाचा अकरा वर्षांचा एक मुलगा होता. मॉन्टिसेलोवर असताना मालकाच्या नातवंडांच्या संगतीने त्यास अक्षरओळख झाली होती. नव्या मालकाने त्याच्या हातातले पुस्तक आगीत टाकले आणि पुन्हा हातात पुस्तक दिसले तर चाबकाची धमकी दिली. पीटर चोरून शिकला आणि दुसऱ्या गुलामांस चोरून शिकवू लागला. त्याचा बाप मोकळा झाल्यावर घणाच्या कमाईतून आणि आप्तांच्या मदतीने बायकोमुलांस एकेक करून सोडवू लागला. बाप आपलीच मुले विकत घेतो, या व्यवहारास कोणत्या नीतिशास्त्रात नाव आहे? पीटरची सुटका होईपर्यंत दोन तपे लोटली. पुढे ओहायो प्रांतातील सिनसिनाटी शहरी तो बॅप्टिस्ट मंडळीचा धर्मोपदेशक झाला, आणि दक्षिणेतून पळून येणाऱ्या गुलामांस वाट दाखविणाऱ्या लोकांत सामील झाला. पीटर श्रद्धावान ख्रिस्ती होता. त्याचा ईश्वर आम्हास मान्य नाही. परंतु तीच शुभवर्तमाने त्याने वाचली होती, आणि शेजारी या शब्दाचा अर्थ त्यास मालकाहून अधिक समजला होता. मालकाजवळ ग्रीक होते, लॅटिन होते.

आता एका आक्षेपाचा विचार करावयास हवा, कारण तो प्रामाणिक आहे. श्रद्धा ही खासगी बाब आहे, हे तत्त्व स्वतः जेफर्सननेच कायद्यात आणले. १७८६ साली व्हर्जिनियात संमत झालेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा त्याने लिहिलेला होता; चर्च आणि राज्य यांमध्ये भिंत हवी, असे त्याने १८०२ साली लिहिले. आमच्या संविधानातील २५ वे कलमही सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. मग नागरिकास त्याच्या नीतीबद्दल जाब विचारणारे तुम्ही कोण, असे तरुण म्हणेल. आमचे उत्तर असे की, राज्याने विचारू नये हे शंभर वेळा मान्य. शिपायाने, न्यायाधीशाने, मंत्र्याने कोणाच्या अंतःकरणात डोकावू नये. परंतु जे दार राज्यासाठी बंद केले, ते शेजाऱ्यासाठीही बंद झाले काय? जेफर्सनच्या घरात सरकारने शिरू नये, परंतु ईडिथ फॉसेटला तरी विचारण्याचा हक्क होता की नाही, "धनी, रात्री तुम्ही काय वाचता?" कायद्याने दिलेले संरक्षण राज्याच्या जुलमाविरुद्ध असते. ते ज्याच्यावर आपली सत्ता चालते त्याच्या प्रश्नाविरुद्ध ढाल म्हणून वापरणे, ही चलाखी आहे.

दुसरा मासला आमच्याच पुण्यातला आहे, आणि दोहोंमध्ये धागा आहे. जेफर्सनचा मित्र थॉमस पेन. त्याच्या 'राइट्स ऑफ मॅन' या ग्रंथाचे वाचन १८४७ च्या सुमारास एका वीस वर्षांच्या माळ्याच्या मुलाने केले. त्याचे नाव जोतिराव फुले. त्यांचा जन्म १८२७ चा. त्याच वर्षी मॉन्टिसेलोवर लिलाव झाला होता. योगायोगास आम्ही अर्थ देत नाही. वर्ष लक्षात राहावे म्हणून सांगितले. जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. येशूच्या शिकवणुकीने ते भारावले होते; 'गुलामगिरी' या १८७३ च्या ग्रंथात त्यांनी येशूस बळिराजाच्या पंक्तीस बसविले आहे. तथापि त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. बाबा पदमनजींसारखे त्यांच्या काळातले विद्वान ख्रिस्ती झाले, जोतिराव झाले नाहीत. निर्मिक मानीत, परंतु कोणत्याही चर्चचे, मठाचे वा मशिदीचे ते अनुयायी नव्हते. म्हणजे वरवर पाहता जेफर्सनचीच जात! चर्च नाही, चमत्कार नाही, येशूची नीती तेवढी प्रिय.

फरक कोठे पडला? जोतिरावांनी ती नीती उशाशी ठेवली नाही. १८४८ साली मुलींची शाळा काढली. बापाने घराबाहेर काढले तरी शाळा सोडली नाही. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हौद! ग्रंथ नव्हे, प्रवचन नव्हे, पाण्याचा हौद. शेजाऱ्यावर प्रेम करावे हे वचन ज्याने वाचले, त्याच्या दारातून शेजारी घागर भरून घेऊन जातो. वचनाचा अर्थ लागला तो येथे. आणि 'गुलामगिरी' त्यांनी कोणास अर्पण केली? निग्रो लोकांस दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य व स्वार्थत्याग दाखविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस. त्या लोकांत कितीजण चर्चला जाणारे होते आणि कितीजण न जाणारे, याची चौकशी त्यांनी केली नाही. त्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त, जे त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघाले, एका कुटुंबाचे चित्र आहे: बाई बौद्ध होईल, नवरा ख्रिस्ती, मुलगी महंमदी, मुलगा सत्यधर्मी, आणि कोणी कोणाचा हेवा न करता सर्वांनी एका घरात राहावे. ज्या आईबापांनी मुलाशी अबोला धरला आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे. निवडीचा हक्क जोतिरावांनी घराच्या आत नेला. आचरण मात्र दाराबाहेर आणले.

डोंगरावरील प्रवचनाने भारावलेले आणखी एक पुढारी आमच्या देशात होऊन गेले, आणि १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्यास त्यांचे प्रेम आम्ही अनुभवले. तो वाद वेगळा आहे. त्यात येथे शिरत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी या प्रश्नाचे मूळ नेमके पकडले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी धर्म आणि धम्म यांतील भेद सांगितला. धर्म ही व्यक्तीने आपल्यापुरती ठेवावयाची वस्तू मानली जाते. धम्म हा मुळातच सामाजिक आहे. मनुष्य एकटा असेल तर त्यास धम्माची गरज नाही. दोन माणसांचा संबंध आला की, आवडो वा न आवडो, धम्मास जागा द्यावी लागते. यावर आमचा तरुण म्हणेल, बाबासाहेबांनीही कात्री चालविलीच की! खरे आहे, चालविली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही परंपरेची कथा त्यांच्या बुद्धीस पटली नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी त्या जागी पुढे आणला. पाण्याचाच तंटा, हे महाडच्या लोकांस सांगावयास नको. परंतु ती कात्री बंद खोलीत चालली नाही. जे ठेवले आणि जे टाकले ते त्यांनी छापावयास दिले, वादास खुले केले. आणि त्यापूर्वी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या उघड्या मैदानावर लाखो लोकांसमक्ष बावीस प्रतिज्ञा उच्चारून स्वतःस बांधून घेतले. दहा माणसांसमक्ष घेतलेल्या शब्दाबद्दल दहा माणसे जाब विचारू शकतात. उशाखालच्या पुस्तकास कोण विचारणार?

म्हणून आमच्या तरुणास आम्ही असे म्हणणार नाही की, बाबा रे, येशूचे वचन वाचू नकोस. अवश्य वाच. जेफर्सनप्रमाणे चमत्कार टाकून वाच, हवे तर त्याच्याहूनही अधिक टाक. दीक्षा घेणे न घेणे तुझ्या बुद्धीवर आहे; धम्मात जबरदस्ती नाही. तुला आम्ही फक्त लोहाराच्या बायकोचा प्रश्न विचारू. रात्री जे वाचतोस त्याने सकाळी काय बदलते? तुझ्या इमारतीचा जिना झाडणाऱ्या बाईचे नाव तुला ठाऊक आहे काय, की तिच्या हातचे पाणी अजूनही टाळतोस? कचेरीत आडनाव विचारले म्हणजे ते खाली मान घालून सांगतोस, की ज्यास अजून सांगता येत नाही त्याच्या बाजूस जाऊन उभा राहतोस? आणि हाच प्रश्न, लपवून उपयोग नाही, आम्ही विहारात बसणाऱ्यांसही विचारावयाचा आहे. कारण उशाशी नीती ठेवणारे केवळ ख्रिस्ताचे वाचक नाहीत. दहा दिवस मौन पाळून मन शांत करून येतात आणि अकराव्या दिवशी मुलीच्या स्थळासाठी पोटजात विचारतात, असे बौद्ध आमच्यात आहेत. पंचशील तोंडपाठ, आणि शेजारच्या मांग कुटुंबाच्या ताटास ताट लावावयाचे नाही, अशी घरे आहेत. त्यांच्या उशाशी तथागताचा ग्रंथ आहे, एवढाच काय तो फरक.

जेफर्सनच्या त्या पुस्तकाचे पुढे काय झाले, तेही सांगून टाकतो. १८९५ साली ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने त्याच्या वारसांकडून विकत घेतले. १९०४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने सरकारी खर्चाने त्याच्या ९००० प्रती छापून आपल्या सभासदांसाठी काढल्या, आणि नवीन सभासदास ते पुस्तक भेट देण्याची प्रथा कित्येक वर्षे चालली. १९०१ पासून १९२९ पर्यंत त्या काँग्रेसमध्ये निग्रो सभासद एकही नव्हता. प्रती सर्वांस पुरल्या. विकलेला मुलगा पीटर फॉसेट १९०० साली, पंचाऐंशीच्या घरात असताना, आपली जन्मभूमी पाहावयास मॉन्टिसेलोस एकदा जाऊन आला होता. पुढच्याच वर्षी तो वारला.